शाळा पाडायची की शाकारायची? कट्ट्यावर पेटलेला वाद

काल कट्ट्यावर आमच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा विषय निघाला आणि साडेदहा वाजले तरी कोणी उठेना. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मागच्या दोन वर्गांच्या वाशांना वाळवी लागलीय आणि पाऊस लागला की पोरं कोपऱ्यात सरकून बसतात.

बंड्या म्हणाला, पाडा आणि स्लॅबची बांधा, विषय संपला. राजस्थानातलं झालावाड विसरलात काय रे? २५ जुलै २०२५, पिपलोदी गावात शाळेचं छत कोसळलं, सात पोरं गेली. नंतर केंद्राने सगळ्या राज्यांना शाळांचं सेफ्टी ऑडिट करा म्हणून सांगितलं. माझी पुतणी आमच्या याच शाळेत तिसरीत आहे, त्यामुळे बंड्याचं बोलणं मला तरी उडवून लावता येत नाही.

पण इंजिनिअर तापला. जुनी म्हणजे धोकादायक असं कोणी सांगितलं तुला? चिरा चांगला असेल आणि भिंतीत पाणी मुरलेलं नसेल तर ती भिंत अजून तुझ्या नातवंडांना पुरेल, आपल्याकडे आधी जातं ते लाकूड, मग वासे बदला, रीपा बदला, शाकारणी नीट करा. आणि स्लॅब म्हणजे अमर असतो काय? समुद्र इथे हाकेवर, खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, फुगतात आणि खालचं काँक्रीट सुटून पडतं, तेही पोरांच्याच डोक्यावर. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, मग बोला.

गुरुजी (रिटायर झालेत, पण रोज येतात) इतका वेळ गप्प होते. म्हणाले, पाडायला एक दिवस लागतो रे, पण नवीन इमारतीचे पैसे कधी येणार ते कोण सांगणार? तोवर पोरं समाजमंदिरात, सगळे वर्ग एकाच हॉलमध्ये, पालक कंटाळतात आणि पोराला इंग्लिश मिडियमच्या व्हॅनमध्ये बसवतात. पट वीसच्या खाली गेला की मग समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच मोठ्या शाळेत. सप्टेंबर २०२३ मध्ये तसे प्रस्ताव मागवणारं पत्र निघालंच होतं, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, पण पोरंच उरली नाहीत तर तो नियम कोणासाठी?

मला हेच खरं वाटतं. इमारत जाईल आणि तिच्या मागोमाग शाळाही जाईल, ही भीती मोठी आहे. म्हणून निर्लेखनाला (जुनी इमारत कागदोपत्री बाद करून पाडायला) माझा विरोध नाही, पण ऑडिटचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय आणि नवीन बांधकामाची मंजुरी निधीसकट आल्याशिवाय एका कौलालाही हात लावू देऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत बहुतेक पालकच असतात, त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडावा.

बंड्या शेवटी तयार झाला, पण एका अटीवर, आणि ती अट सगळ्यांनी लगेच मान्य केली: ऑडिट होईपर्यंत मागच्या दोन वर्गांना कुलूप, पोरं पुढच्या वर्गांत दाटीवाटीने बसली तरी चालतील. मुख्याध्यापक बाईंना गुरुजींनी तिथूनच फोन लावला.