आधीचा मालक

गंज बिचारा प्रामाणिक असतो. पाणी साचलं तिथे लागला, पत्रा खाल्ला, भोक पाडलं. लपवाछपवी काही केली नाही. वर्षानुवर्षं इंग्लंडातल्या कुठल्याशा गॅरेजात पडून राहिलेली एमजीबी घरच्या घरी उभी करायला घेतली की माणसाला छळतो तो आधीचा मालक. हा गृहस्थ सहसा भेटत नाही. पण गाडीच्या प्रत्येक सांध्यात तो असतो: लांबी (म्हणजे पुट्टी) भरून, टेप गुंडाळून, तारेने बांधून. आपल्याकडे पितर वर्षातून एकदा पंधरवड्यापुरते येतात आणि जेवून जातात. हा बारा महिने मुक्कामाला.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, आणि टपवाली जीटी धरून एकूण पाच लाखांवर गाड्या. इतक्या बनल्या म्हणून पार्ट अजून मिळतात. १९८८पासून तर जुन्याच साच्यांवर ठोकलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. तिची किंमत ऐकली की माणूस मुकाट्याने वेल्डिंग शिकायला लागतो.

वेल्डिंग लागतंच, कारण या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, आणि उघड्या मॉडेलला टपही नाही. पुढची आणि मागची चाकं एकाच गाडीची राहतात ती मुख्यतः दारांखालच्या दोन पोकळ पत्र्याच्या तुळयांच्या, म्हणजे सिलच्या, जिवावर. बाहेरून एकच पत्रा दिसतो; आत मात्र आतलं सिल, मधला उभा पत्रा, तळाला कॅसल रेल नावाची पट्टी आणि सगळ्यांवर बाहेरचं सिल असा चांगला वाडा बांधलेला असतो. पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागच्या बाजूला, रस्त्याचा चिखल साठतो. हिवाळ्यात इथे इंग्लंडात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेही त्यात. पाणी बाहेर जायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडत येतो.

आधीचा मालक यावर काय उपाय करतो? सडक्या सिलवर नवं सिल चढवतो. वर लांबी, वर रंग, आणि विकायची जाहिरात. गाडी घ्यायला जाताना खिशात चुंबक न्यावा असं सगळे सांगतात. न्यावा, लांबी पकडायला तो बरा. पण वरून चढवलेल्या सिललाही तो झकास चिकटतो, तेव्हा नुसत्या चुंबकावर जाऊ नये. गाडीखाली आडवं होऊन कॅसल रेलला पेचकस टोचावा. दुसरी खूण मडगार्डपाशी. खरं सिल मडगार्डांच्या आत शिरतं. ते बदलायचं तर पुढचं मडगार्ड बोल्ट सोडून अख्खं काढावं लागतं आणि मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो. नवं सिल मडगार्डच्या कडेशीच संपत असेल, तर एवढा त्रास कोणी घेतलेला नाही हे उघड आहे.

आपण तो घ्यायचा. आधी बॅटरी सोडायची, पेट्रोलची टाकी उतरवायची, कार्पेट आणि सीट बाहेर. ठिणगी कुठे जाऊन पडेल ते आपल्याला विचारून पडत नाही. गाडी सपाट जमिनीवर अशा टेकूंवर ठेवायची की वजन चाकांच्या जागीच येईल. मधोमध जॅक लावून सिल कापणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाड्या वाकतात आणि दारं त्या दिवशी जशी असतील तशीच कायमची राहतात, उघडी तर उघडी. दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पट्टी वेल्ड करायची. एका वेळी एकच बाजू कापायची. प्रत्येक थर क्लॅम्पने धरला की दार बिजागऱ्यांवर टांगून बघायचं, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. ती चार-पाच मिलिमीटरची फट हीच इथली परीक्षा. मिग वेल्डरला (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंगचं यंत्र) ०.६ मिलिमीटरची तार पुरते. टाके सलग घालायचे नाहीत. एक इकडे, एक तिकडे, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटा मारतो. शेवटी पोकळीत मेण फवारायचं आणि पाण्याची भोकं उघडी ठेवायची. हे सगळं झालं की लोक येतात आणि विचारतात, ‘रंग कुठला देणार?’

नटबोल्टांचा छळ निराळा. सगळी गाडी इंचांत. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे खातो. नऊ सोळांशाला १४चा जात नाही, १५चा गरगर फिरतो. आधीच्या मालकाकडे फक्त मिलिमीटरचा संच होता हे गुळगुळीत झालेल्या नटांवरून कळतं. त्यानंतर त्याने पकड वापरली हेही कळतं. आपल्याकडच्या जुन्या फिटर लोकांचं इथे काही अडलं नसतं. चार सूत म्हणजे अर्धा इंच, साडेचार सूत म्हणजे नऊ सोळांश. ‘साडेचारचा दे’ म्हटलं की पोऱ्याने तो बरोब्बर आणून दिला असता.

इंजिन जाम असेल तर घाबरू नये आणि स्टार्टर तर मुळीच मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मंनिम्मं ओतायचं, काही दिवस विसरायचं, मग पुढच्या पुलीच्या नटावर लांब पाना लावून जरा पुढे, जरा मागे करायचं. फिरलं की व्हॉल्व्हचा गाळा, म्हणजे फट, थंड इंजिनावर पंधरा थाउ (इंचाचे पंधरा हजारांश) ठेवायचा. यासाठी नऊचा पाढा लागत नाही, नऊची वजाबाकी लागते: व्हॉल्व्ह आठ, पहिला पूर्ण दाबलेला असेल तर आठवा तपासायचा, तिसरा दाबलेला असेल तर सहावा. क्लच बदलायचा असेल तर इंजिन उतरवणं आलंच. त्यातलं रिलीज बेअरिंग (पाय दाबला की क्लच सोडवणारं) कार्बनचं असतं आणि क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असलेला माणूस ते झपाट्याने संपवतो. कोण, ते सांगायला नको.

वायरिंगबद्दल विनोद एवढे आहेत की लुकास कंपनीच्या या वायरिंगला नावं ठेवली नाहीत तर लोक आपल्याला नवखा समजतात. माझं मत उलट आहे. रंग बघून डोळे मिटून काम करावं इतकी ती सरळ आहे: तपकिरी वायर कायम जिवंत आणि बिनफ्यूजची, जांभळी कायम जिवंत पण फ्यूजची, पांढरी किल्लीवरची, हिरवी किल्लीवरची फ्यूजमधून, काळी अर्थची. बिघाड बहुधा गंजलेल्या अर्थमध्ये नाहीतर जोडणीच्या टोप्यांमध्ये निघतो. घासून स्वच्छ केलं की दिवे लागतात. खरी भानगड होते ती रेडिओ बसवणाऱ्याने कधीकाळी निळ्या वायरीने सगळीकडे डोकावून ठेवलेलं असतं त्याची. १९६७पर्यंतच्या गाड्यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असे, हे विसरून उलटी जोडली की तो रेडिओ एकदाच धूर देतो. त्यात सुरुवातीच्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही सीटमागे फळीखाली. त्यांच्यात पाणी घालायला योगासनं येत असावी लागतात.

ब्रेकमध्ये काटकसर नको: सिलिंडर, रबरी नळ्या, सगळं नवं. जुनी नळी आतून फुगते, पाय उचलला तरी दाब परत येत नाही आणि चाक धरून बसतं. मग आधीचा मालक नळी सोडून कॅलिपर (चाकावरचा ब्रेकचा चिमटा) बदलतो. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्यात. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं; ते इथेनॉल जुनं रबर खातं. गाडीला महागातलं ई-५ पाजावं. गाडीतला पेट्रोल खेचणारा पंप टिकटिकत नसेल तर त्याच्यावर हलकी टपली मारायचा रिवाज आहे. टपलीने पंप चालू झाला म्हणजे आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे) गेले, दुरुस्त झाला असं नव्हे.

उरले कार्ब्युरेटर. एसयूइतकं समजूतदार यंत्र मी पाहिलेलं नाही, आणि त्याच्याइतका अन्याय कोणावर झालेलाही नाही. गाडी नीट चालत नसली की जो येतो तो त्यांचे नट पिळतो. आधी व्हॉल्व्ह, मग ठिणगीचे पॉइंट, मग ठिणगीचं टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर, हा क्रम मोडायचा नाही. कार्ब्युरेटरमधला दट्ट्या उचलून सोडला की खाली टप्पकन आवाज करत बसला पाहिजे. दट्ट्याच्या वरच्या नळीत तेल हवं. सुरुवातीला जेट (ज्यातून पेट्रोल येतं ती बारीक नळी) वरच्या टोकापासून नटाचे बारा कोपरे, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली. मग रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आलटून पालटून दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडांशी; फुसफुस सारखी आली की हवा सारखी जाते आहे. आता खालची पिन हळूच दाबून दट्ट्या जेमतेम उचलायचा. इंजिन चढलं आणि चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, धापा टाकून पडलं तर कमी, किंचित चढून जागेवर आलं तर ठीक. हे नीट जमेपर्यंत घरातल्यांना वाटतं की हा माणूस गाडीशी फोनवर बोलतो आहे.

चाळीस वर्षांपुढच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाडीला २०१८पासून इथे वार्षिक तपासणीतून सूट आहे. सूट असली तरी एकदा न्यावी. दुसऱ्याच्या डोळ्यांनी ब्रेक बघितलेले बरे. शिवाय गाडी लिफ्टवर चढली की खालून बघू का म्हणून विचारावं. हो म्हणाले, तर आजवर पाठीवर पडून, डोळ्यांत माती घेत पाहिलेलं गाडीचं पोट पहिल्यांदाच उभ्याने, हात मागे बांधून बघायला मिळतं.