सर अजून आलेले नाहीत

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे सर अजून अमेरिकेत आलेलेच नाहीत. आणि सर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून फुटाणे खातायत.

"तुम्ही पण घ्या ना ताई," म्हणून त्यांनी पुडी पुढे सरकवली. मी चार उचलले. आज सत्ताविसावा दिवस. अजून तीन दिवसांत मी सरांची 'पोचले' अशी नोंद केली नाही, तर सरकारदरबारी हा माणूस आलाच नव्हता असं ठरणार. फुटाणे मात्र खरे होते. थोडे खारट.

अमेरिकेच्या मिडवेस्टात, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन असलेल्या एका विद्यापीठात परदेशी संशोधकांना बोलावून घेण्याचं काम मी करते. पदनाम मोठं भारदस्त आहे, 'ऑल्टर्नेट रिस्पॉन्सिबल ऑफिसर'. मराठीत सांगायचं तर पर्यायी जबाबदार अधिकारी. म्हणजे मूळ जबाबदार अधिकारी रजेवर असला की जबाबदारी माझी, आणि तो हजर असला तरी माझीच. सांगलीच्या माझ्या आत्याला अजून वाटतं की मी व्हिसा देते. दर दिवाळीला एक तरी भाचेसून 'तुमच्याकडे काही होतंय का बघा' म्हणून चिकटवली जाते. मी व्हिसा देत नाही. व्हिसा मुंबईत बीकेसीला मिळतो, किंवा मिळत नाही. मी देते तो त्याआधीचा कागद, डीएस-२०१९. भटजी मुहूर्त काढून देतो, मुलगी देत नाही, तसं माझं.

हे सगळं प्रकरण १९६१च्या कायद्याचं. सिनेटर फुलब्राइट यांचं नाव त्याला चिकटलेलं आहे आणि हेतू आहे देशादेशांतलं परस्पर सामंजस्य. वाचताना अंगावर मूठभर मांस चढतं. मग सामंजस्यासाठी पहिला ईमेल येतो.

तो आला आमच्याच एका प्राध्यापकाचा. वनस्पतींच्या रोगांवर काम करणारा, सहा फूट उंच, अतिशय भला माणूस. त्याने लिहिलं, 'माझा भारतातला एक सहकारी एक तारखेपासून सहा महिने येतोय. काहीतरी फॉर्म लागतो म्हणे. तू बघशील ना?' आज तारीख अठरा. म्हणजे तेरा दिवसांत कागद, फी, मुलाखतीची तारीख, व्हिसा, विमान आणि थंडीचा कोट. हा गृहस्थ सोयाबीन पेरायच्या आधी तीन वर्षांची मातीची नोंद बघतो. माणूस आणायचा तर तेरा दिवस. मी कळवलं, पुढच्या सत्राची तारीख दे. त्यावर त्याने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं.

संशोधन कशावर, हे एका ओळीत लिहून द्या असं मी विचारलं. त्याने लिहिलं: 'अनमॅन्ड एरियल व्हेइकल वापरून सडन डेथचं सर्व्हेलन्स'.

मी खुर्चीतून उठून दरवाजा लावून घेतला.

आता यात खोटं काहीच नाही. सोयाबीनला 'सडन डेथ सिंड्रोम' नावाचा रोग खरंच होतो, फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळे. त्याच कुळातली बुरशी आपल्याकडे हरभऱ्याला धरते, तिला शेतकरी 'मर' म्हणतात. सर विदर्भातल्या एका महाविद्यालयात याच 'मर'वर वीस वर्षं काम करत होते. ड्रोन म्हणजे वरून शेताचे फोटो काढायचं यंत्र. आणि रोगावर लक्ष ठेवणं याला त्या शास्त्रात सर्व्हेलन्सच म्हणतात. पण ही ओळ घेऊन सर बीकेसीच्या खिडकीपुढे उभे राहिले असते, तर खिडकीतल्या माणसाने सरांनाच वरून फोटो काढण्यालायक समजलं असतं. असल्या एका शब्दापायी आमचा एक भौतिकशास्त्रवाला 'आणखी तपासणी'च्या चिठ्ठीवर पाच महिने लटकला होता. मी ओळ बदलली: 'सोयाबीनच्या पानांवरील रोगाची छायाचित्रं'. प्राध्यापकाला ती फारच बाळबोध वाटली. मी म्हणाले, बाळबोधच हवी.

मग इंग्रजीची परीक्षा. येणाऱ्याला कामापुरतं इंग्रजी येतं की नाही, याची खातरजमा आम्ही करायची असा नियम आहे. कुठल्या मान्य परीक्षेचे गुण दाखवा, किंवा आम्ही व्हिडिओवर मुलाखत घेऊन तशी नोंद ठेवायची. सरांनी मुलाखत पसंत केली. ठरल्या वेळी पडद्यावर सर, त्यांच्या मागे शोकेसमधला गणपती, आणि गणपतीशेजारी पलंगावर बसलेल्या सरांच्या आई.

पंधरा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांशी असं इंग्रजी बोललो, की जणू दोघांचाही मराठीशी दूरान्वयानेही संबंध नाही. हवामान कसं आहे? हॉट, मॅडम. तुमच्या कामाबद्दल सांगा. सरांनी सांगितलं, उत्तम सांगितलं. मी फॉर्मवर टिक केली, "थँक यू, प्रोफेसर," म्हणाले, आणि त्याच श्वासात म्हणाले, "झालं बघा. आता मराठीत बोला."

सरांच्या खांद्यावरून मणभर ओझं उतरल्यासारखं झालं. ईमेलमध्ये मी 'रिस्पेक्टेड मॅडम' होते, ती जागच्या जागी 'ताई' झाले. आईंनी लगेच विचारलं, "पोरी, तिकडे भाकरीचं पीठ भेटते का?"

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. मग मला विम्याचं सांगणं भाग होतं.

जे-१वर, म्हणजे सामंजस्याच्या याच व्हिसावर, येणाऱ्या प्रत्येकाचा विमा लागतो, आणि तो किती रकमेचा हे सरकारने ठरवून दिलंय. दर आजाराला किंवा अपघाताला निदान १ लाख डॉलर. आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५० हजार. आणि मृतदेह मायदेशी पाठवायला २५ हजार. ही शेवटची ओळ मी गेली अकरा वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना वेगवेगळ्या आवाजांत सांगून पाहिली आहे. जर्मन माणूस लिहून घेतो. ब्राझीलचा हसतो. सर गप्प झाले. मागून आईंचा आवाज आला, "काऊन असं अभद्र बोलून राहिली वो ते बाई?"

मी म्हणाले, आई, मी नाही हो, सरकार बोलतंय. त्यांना ते काही पटलं नाही. शुभ बोल नाऱ्या, तर मांडवाला आग लागली, अशातला प्रकार. नंतर कळलं की त्या रात्री त्यांनी सरांची दृष्ट काढली. माझीच लागली असणार.

दोन वर्षांच्या अटीचं माझं पाठ भाषण मात्र वाया गेलं. पूर्वी भारतातून येणाऱ्या बऱ्याच विषयांच्या लोकांना जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१ हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नसे. ज्या देशांना आणि विषयांना ही अट, त्यांची एक यादी असते. डिसेंबर २०२४मध्ये त्या यादीतून भारत उठला. सरकारी पैशावर येणाऱ्यांना अट अजून आहे, पण सर आमच्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाच्या पैशावर येणार होते. इतक्या वर्षांचं घोटलेलं भाषण, त्यात दोन विनोदसुद्धा होते. आता ते मी कुणाला ऐकवू?

कागद मात्र आता झटक्यात जातो. पूर्वी निळ्या शाईने सही करायची, कुरियरचे पैसे भरायचे, आणि मग पाकीट नागपुरात 'पत्ता अपुरा' म्हणून पाच दिवस पडायचं. २०२३ पासून सही डिजिटल चालते आणि कागद ईमेलने जातो. तिकडे छापून घ्यायचा. सरांनी तो कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापला आणि त्याने प्रेमाने लॅमिनेट करून दिला. दुसरा छापायला लावला. मग सेव्हिसची, म्हणजे ज्या सरकारी कॉम्प्युटरात अशा पाहुण्यांची नोंद होते त्याची, फी २२० डॉलर, व्हिसाची १८५. दोन्ही आकडे सरांनी रुपयांत करून मला कळवले. मी काही मागितले नव्हते.

घराचा प्रश्न निघाला. घरमालकीणबाईंना क्रेडिट हिस्टरी पाहिजे होती. सरांनी विचारलं, "ताई, सातबारा चालेल का? कोरा आहे, एक रुपयाचं कर्ज नाही." मी त्यांना कसं सांगू की इथे कर्ज नसणं हाच संशयाचा मुद्दा आहे. शेवटी प्राध्यापक जामीन राहिला. परस्पर सामंजस्य ते हेच असावं.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी सूचनांचं पत्र पाठवते. त्यातलं एक वाक्य ठळक अक्षरांत, तीन ठिकाणी: डीएस-२०१९ हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. पासपोर्ट तपासणी आधी होते, सामान नंतर मिळतं. लोक हा कागद इतका मौल्यवान समजतात की साड्यांच्या घडीत, कुलूपबंद बॅगेच्या तळाशी ठेवतात. सरांनी असं काही केलं नाही. त्यांनी कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला आणि नागपूर, मुंबई, शिकागो असा प्रवास त्या अवस्थेत केला.

बियाणं आणायचं नाही, हेही मी बजावलं होतं. एक दाणा नाही. सरांनी शब्द दिला आणि पाळला. फक्त आईंनी मोठ्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यांत कोंबून, दोन किलो फुटाणे दिले होते, हे सरांनाही माहीत नव्हतं.

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी छोटे बीगल कुत्रे फिरत असतात. भुंकत नाहीत, चावत नाहीत. ज्या बॅगेत खायचं असेल तिच्यापाशी येऊन मुकाट्याने बसतात. सरांच्या बॅगेपाशी एक येऊन बसला. सरांनी त्याला कुरवाळलं. अधिकाऱ्याला ते आवडलं नाही.

पुढचं संभाषण सरांनी मला साभिनय सांगितलं.

"तुम्ही काय करता?"

"हरभऱ्याच्या रोगावर संशोधन."

"बॅगेत काय आहे?"

सरांनी बॅग उघडली. मोजे बाहेर निघाले. मोज्यांतून हरभरे बाहेर निघाले.

रात्री साडेअकराला माझा आणीबाणीचा फोन वाजला. पलीकडून एक दमलेला आवाज विचारत होता, 'तुमच्याकडचा माणूस रोगट हरभरे घेऊन आलाय का?' मी पलंगावर उठून बसले आणि फुटाणा म्हणजे काय ते सांगू लागले. आधी भिजवतात, मग तापलेल्या वाळूत भाजतात, साल सुटते, त्यातून काही उगवत नाही. वाळूपाशी अडलं. त्याने दोनदा विचारलं, वाळू? शेवटी त्याने कुठल्याशा जाणकाराला बोलावलं, त्या बाईने एक दाणा दोन बोटांत चिरडून पाहिला, हुंगला, आणि पुडी परत दिली. मोज्यांसकट.

सर आले. रोज चार वाजता माझ्याकडे चहाला येऊ लागले. आणि रोज समोर दिसणारा माणूस आलाय अशी नोंद करायला मी विसरले. दोष अगदी माझाच असंही नाही. सेव्हिसला इथला राहता पत्ता लागतो, पोस्टाची पेटी चालत नाही. सरांनी फॉर्मवर लिहिलं होतं, 'पाण्याच्या टाकीमागे, तिसरं घर'. तो परत पाठवला होता, आणि तो परत आलाच नव्हता.

"सर, घराचा नंबर सांगा आधी."

"निळं दार आहे पाहा, टाकीकडून गेलं की..."

"नंबर."

त्यांनी फोनमधून भाड्याचा करार शोधून काढला. मी नंबर टाकला, रस्ता टाकला, पिनकोड टाकला. त्यांच्या दाराचा रंग कुठल्याच रकान्यात बसला नाही. बटण दाबलं. चाक फिरलं, थांबलं, आणि सर अमेरिकेत आले.

"आलात बघा," मी म्हणाले.

"हो का," सर म्हणाले आणि पुडीची वळी करून खिशात ठेवली. दारापर्यंत गेले, वळले. "ताई, ते सांगायचं राहूनच गेलं. ती घरमालकीणबाई काही बरी नाही, फोडणी टाकली की तिचा धुराचा भोंगा वाजतो. पुढच्या आठवड्यात मी घर बदलतोय. पत्ता बदलला की कळवावं लागते का काही?"

दहा दिवसांत, मी म्हणाले. नंबरासकट.