गाडीची एकच चावी उरली असेल तर हे वाचा

घरात गाडीची एकच चावी उरली असेल तर दुसरी याच आठवड्यात करून घ्या. एक चावी हातात असताना दुसरी बनवणं आणि हातात एकही नसताना बनवणं, या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चालू चावी असेल तर बहुतेक गाड्यांत चावीवाला डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतले दोष तपासायची जोडणी) मशीन लावतो, जुनी चावी दाखवतो, नवी नोंदवतो आणि मोकळा होतो. एकही चावी नसेल तर गाडी जागची हलत नाही. टोइंग करा, नाहीतर माणूस जागेवर बोलवा. कित्येक मॉडेल्समध्ये कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, काढून त्यातली माहिती वाचावी लागते, काहींत तर युनिटच बदलायला सांगतात. बिल त्याच हिशेबाने फुगतं. तरी लोक "एक आहे ना, मग झालं" म्हणत वर्षानुवर्षं काढतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा पैसा जातो तो निदान चुकल्यामुळे. चावीच्या त्या प्लॅस्टिकच्या डबीत तीन वेगवेगळ्या वस्तू असतात: पातं, चिप आणि रिमोट. पातं कुलूप फिरवतं. चिप इंजिन सुरू करायची परवानगी देते आणि तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक कडी असते, ती साधारण १२५ किलोहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यातूनच चिपला वीज मिळते. रिमोट मात्र सेलवर चालतो, आपल्याकडे बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. एक बिघडली म्हणून तिन्ही बिघडल्या असं होत नाही. दारं रिमोटने उघडत नाहीत, पण चावी फिरवली की गाडी सुरू होते? मग चिप ठणठणीत आहे, दोष सेलमध्ये किंवा बटणात. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही किंवा एक-दोन सेकंदांत बंद पडतं आणि मीटरमध्ये चावीचा दिवा चमकतो? मग चिप किंवा ती कडी बघा, सेल बदलून काही होणार नाही. चावी आत जाते पण फिरत नाही, तर आधी स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत फिरवून पाहा. स्टिअरिंग लॉकचा ताण असताना जोर लावला की पातं कुलपातच मोडतं.

चिपच्या बाबतीत एक साधी गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच रिंगमध्ये दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या असतील तर दोन्ही चिपा एकदम बोलायला लागतात आणि गाडीला काहीच नीट ऐकू येत नाही. जुडग्यातून चावी सुटी करून एकदा गाडी सुरू करून पाहा. जड जुडगा तसाही इग्निशनचं कुलूप घासून खराब करतो.

आता सेल. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो. या आकड्यालाही अर्थ आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ आणि २०१६ यांचा व्यास तोच, जाडी मात्र २.५ आणि १.६. म्हणून कमी जाडीचा सेल बसतो, पण ढिला राहतो. रिमोट कधी चालतो, कधी नाही. डबीतल्या जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा घ्या. जुना काढण्याआधी अधिकची (+) बाजू कुठे आहे ते पाहून फोनवर फोटो काढा, कारण काही रिमोटमध्ये ती वर असते, काहींत बोर्डाकडे. नवा सेल कडांना धरून बसवा आणि सपाट बाजूंवर बोटांचा तेलकटपणा लागला असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. नवा सेल मल्टिमीटरने नुसता मोजला तर ३.० ते ३.३ व्होल्ट दाखवतो. थकलेला सेलही मोकळा मोजला की २.९ दाखवून फसवतो, म्हणून बटण दाबलेलं असताना मोजा. आकडा झरकन खाली आला तर सेल संपलाय. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात रिमोटचा उजेड दिसतो का, ही युक्ती टीव्हीच्या रिमोटची आहे. गाडीचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, कॅमेऱ्यात काहीही दिसणार नाही.

घरात लहान मूल असेल तर इथे थांबून वाचा. हा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होते. बदललेला सेल टेबलावर ठेवू नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ हॉस्पिटल गाठा.

नवा सेल टाकूनही रिमोट चालत नसेल तर लगेच नव्या रिमोटची ऑर्डर देऊ नका. दुसरी चावी असेल तर ती वापरून पाहा. दोन्ही चालत नसतील तर दोष बहुधा गाडीकडे किंवा आजूबाजूला आहे. गाडीची बॅटरी थकली असेल तर पुश स्टार्टवाली (बटणाने सुरू होणारी) गाडी चावी खिशात असूनही "चावी सापडत नाही" असं दाखवू शकते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी; १२ म्हणजे ती जवळजवळ उतरलेली आहे. ठरावीक पार्किंगमध्येच रिमोट चालत नसेल तर गाडी शंभर-दोनशे मीटर पुढे नेऊन पाहा. स्वस्तातला एलईडी दिवा किंवा चार्जरसुद्धा लहरींमध्ये गोंधळ घालतो.

एकच चावी रुसली असेल तर डबी उघडा. बोर्डवर बटणाखाली तीन-चार मिलिमीटरचे चौकोनी स्विच दिसतील. लॉकचं बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं, म्हणून आधी तेच मरतं. नखाने थेट स्विच दाबून पाहा. टिक असा आवाज येत नसेल किंवा स्विच हलत असेल तर दोष तिथेच. सोल्डरिंग येणारा मोबाइल दुरुस्तीवाला हा स्विच अगदी किरकोळ पैशांत बदलून देतो. सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर असेल, जो आपल्या पावसाळ्यात हमखास येतो, तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने साफ करून पट्टी किंचित वर उचला. चावी पाण्यात पडली असेल तर आधी सेल काढायचा. ओल्या बोर्डवर बटणं दाबून बघणं म्हणजे हातानेच शॉर्ट करणं.

डबी फुटली म्हणून ऑनलाइन नवं कव्हर मागवणाऱ्यांनी हे नक्की वाचा. अनेक गाड्यांत चिप बोर्डवर नसते, जुन्या कव्हरच्या खाचेत चिकटवलेली असते: साधारण १२ मिलिमीटर लांबीचा काळा तुकडा किंवा काचेची बारीक नळी. बोर्ड आणि पातं काढून नव्या कव्हरमध्ये बसवलं, जुनं कव्हर कचऱ्यात टाकलं की दारं उघडतात, पण गाडी सुरू होत नाही. तो तुकडा नव्या कव्हरमध्ये बसेपर्यंत जुनं कव्हर हातातून सोडू नका.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीचा सेल ऐनवेळी संपला तरी अडून बसायची गरज नाही. चावीतच लपवलेलं पातं असतं, ते खटका दाबून बाहेर काढा. ड्रायव्हरच्या हँडलवर प्लॅस्टिकच्या झाकणामागे कुलपाचं भोक असतं. दार उघडताना अलार्म वाजला तर घाबरू नका. ब्रेक दाबा आणि चावी स्टार्टच्या बटणाला टेकवा. कित्येक गाड्यांत चावीनेच ते बटण दाबायचं असतं. काही मॉडेल्समध्ये ही जागा स्टिअरिंगजवळ किंवा कप होल्डरमध्ये असते. आपल्या गाडीची जागा मॅन्युअलमधून आजच बघून ठेवा.

दुसरी चावी करताना पातं घासलेल्या चावीवरून कापून घेऊ नका. झीज जशीच्या तशी नव्या चावीत उतरते. नव्या गाडीसोबत चावीला जो छोटा पत्रा किंवा चिठ्ठी येते, त्यावरच्या नंबरवरून पातं मूळ मापाने कापता येतं. त्याचा फोटो काढून ठेवा, मात्र तो कुठेही पोस्ट करू नका. प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या, कारण अनेक गाड्यांत त्या वेळी समोर नसलेल्या चाव्या बाद होतात. चावी हरवली असेल तर हेच आपल्या फायद्याचं. तिची नोंद पुसायला सांगा आणि आता किती चाव्या नोंदवलेल्या आहेत ते मशीनच्या पडद्यावर स्वतः पाहा. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून रिमोट मागवायचा विचार असेल तर तिकडचे बरेच रिमोट ३१५ मेगाहर्ट्झचे असतात, इथे चालणार नाहीत. दुसऱ्या गाडीची वापरलेली स्मार्ट चावीसुद्धा (पुश स्टार्टवाल्या गाडीची) बहुतेक वेळा त्या गाडीशी बांधलेली असते.

आणि विमा. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी कंपनी मूळच्या सगळ्या चाव्या मागते. एक कमी असेल तर ती कधी, कशी गेली हे विचारते. म्हणून चावी हरवली त्याच दिवशी पोलिसांत नोंद करून पावती घ्या, आणि पॉलिसीत चावी बदलून देण्याचं ॲड-ऑन आहे का तेही पाहा. मोडकं पातं, मेलेला बोर्ड, फुटकी मूळ चावी यातलं काहीही टाकून देऊ नका. सगळं एका पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.