कोल्हापुरात जर्मन कुणाशी बोलणार?

आमच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार: परदेशी भाषेच्या क्लासची फी म्हणजे पंचगंगेत टाकलेले पैसे. वापर नसला की वर्षभरात सगळं पुसलं जातं, कोल्हापुरात बोलायला माणूस नाही, पंचविशीनंतर डोक्यात काही शिरत नाही, आणि मोबाइल भाषांतर करतोच की! मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला. जर्मन शिकलो, मध्ये पाच वर्षं सोडून दिलं, पुन्हा धरलं. त्यामुळं गप्प बसवेना.

‘सगळं पुसलं जातं’ हे साफ चूक. हॅरी बॅरिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्पॅनिश शिकलेल्या आणि शिकत असलेल्या ७३३ जणांची चाचणी घेतली, ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. काहींना शिकून ५० वर्षं झाली होती. पहिली तीन ते सहा वर्षं गळती होते, मग थांबते. उरलेलं पुढं पंचवीसेक वर्षं जवळपास तसंच राहतं. आणि यातल्या बहुतेकांनी मधल्या काळात स्पॅनिश फारशी वापरलीच नव्हती. ज्यांनी आधी नीट शिकून घेतलं होतं, त्यांचं जास्त उरलं. माझंही तसंच झालं. पाच वर्षांनी वही उघडली तर शब्द वाचले की ओळखू यायचे, पण बोलायला गेलं की तोंडातून निघेनात. गंज चढतो तो बोलण्यावर.

‘बोलायला माणूस नाही’ यात थोडं तथ्य आहे. पण रोजच्या वापराला जर्मन माणूसच हवा असं कुठंय? डॉइशे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट आहेत. सकाळी रंकाळ्यावर फिरताना त्या ऐकतो आणि मागोमाग पुटपुटतो. (लोक बघतात. बघू देत.) रविवारी आम्ही तिघं चहाच्या गाड्यावर अर्धा तास फक्त जर्मन बोलतो. तिघांच्या चुका सारख्याच, त्यामुळं कुणी कुणाला सुधारत नाही, ही अडचण खरी. पण तोंड चालू राहतं.

वयाचं म्हणाल तर उच्चार लहानपणी सहज येतात, हे मान्य. बाकी अमेरिकेचं परराष्ट्र खातं चांगल्या मोठ्या, नोकरीतल्या माणसांना जपानी शिकवतं आणि त्यासाठी सुमारे २,२०० तास धरतं. तास लागतात, एवढंच. शिवाय तो-ती-ते आपल्याला जन्मापासून आहे. जर्मनमध्ये ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी असतो म्हणून ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्याला धक्का बसत नाही. आमच्याकडच्या बाया ‘मी जातो’ म्हणतात, जर्मनमध्ये तर बाई-पुरुष दोघांचं क्रियापद एकच.

राहिला मोबाइल. ड्रॉइंगवरच्या टिपा मीही त्यातच घालतो. पण परवा कॉलवर पलीकडून माप आलं, ‘त्स्वायउंटफिर्त्सिश’. आधी दोन, मग चाळीस. शेजारच्या इंग्रजीतून जर्मन शिकलेल्या पोरानं घाईत २४ लिहिलं. मी सरळ बेचाळीस लिहिलं. आपल्याकडंही आधी ‘बे’च येतो. मोबाइल अजून माझ्या खिशातच होता.