डोक्याला भुंगा

आज २० मे, जागतिक मधमाशी दिन. सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला. जांभळ्या फुलावर बसलेली गुबगुबीत केसाळ पिवळीकाळी माशी, आणि खाली आईनस्टाईनच्या नावाने ते वाक्य की मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपणार. (तो असं कधी बोलल्याचा पुरावा नाही, पण असो, आमच्या ग्रुपवर आईनस्टाईन रोज काहीतरी बोलतच असतो.) पटापट नमस्कार, फुलं, बदाम. आणि दीड तासाने त्याच ग्रुपवर मेसेज, की गार्डनमधल्या पर्गोलाला, म्हणजे त्या लाकडी मांडवाला, मोठ्या काळ्या माशा लागल्यात, उद्या ११ वाजता पेस्ट कंट्रोलवाला येतोय, मुलांना खाली पाठवू नये. त्यालाही अंगठे. तेच लोक, तेच अंगठे!!

तेव्हापासून धुमसतेय. भाजी लागली खाली. नवरा म्हणाला डोक्याला भुंगा लावून घेऊ नकोस. म्हटलं शब्द बरा सापडला तुला.

अहो त्या मोठ्या काळ्या माशा म्हणजे भुंगे आहेत, मधमाशीचेच भाऊबंद. भुंगे! ज्याच्या नावाने आपली योगा बॅच रोज सकाळी सहाला त्याच पर्गोलाखाली बसून, कानात बोटं घालून, हूंऽऽऽ करत भ्रामरी करते, तो भ्रमर. खाली बसून त्याचा आवाज काढायचा आणि वर तो स्वतः राहायला आला की त्याच्यावर फवारा मारायचा. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

आणि फॉरवर्डमधली ती गोंडस माशी ना, ती बंबलबी. ती महाराष्ट्रात नसतेच. आपल्या देशात ती बघायची तर हिमालयात जायला हवं, काश्मीर, हिमाचल, सिक्कीम. बाहेरच्या देशांत लोक तिच्यासाठी बाल्कनीत लॅव्हेंडर लावतात, बागेचा एक कोपरा मुद्दाम न कापता ठेवतात. आपल्याकडे तेवढीच जाडजूड, तेवढीच कामाची जी आहे ती काळी आहे, चकचकीत आहे, पंखांवर ऊन पडलं की निळा-जांभळा रंग मारते, आणि तिला आपण पेस्ट म्हणतो. गोरी असती तर स्टेटसला लावली असती. जाऊ दे.

आता मला हे बोलायचा काय अधिकार, तर काही नाही. तेच सांगायला बसलेय खरं तर.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला एक बांबू आडवा बांधला होता. एप्रिलमध्ये रोज सकाळी धुतलेल्या कपड्यांवर पिवळा भुसा पडायला लागला. वर बघितलं तर बांबूला खालच्या बाजूने भोक, कंपासने काढल्यासारखं गोल, करंगळी जाईल एवढं. आणि आतून कुर्रर्र कुर्रर्र. सासूबाई म्हणाल्या राहू दे गं, काय खातेय ती तुझं. मला ऑफिस, मुलीची परीक्षा, पांढऱ्या शर्टांवर भुसा. मी एका संध्याकाळी ती आत गेल्याचं बघितलं, झुरळांचा स्प्रे भोकात मारला आणि वर एमसील थापलं. पाच मिनिटांचं काम. रात्री पाणी प्यायला उठले तर बाल्कनीतून अजून आवाज येत होता. मी दार लावून घेतलं.

हे पर्गोलाबद्दल नाहीये असं वाटेल, पण मला सकाळपासून तोच आवाज येतोय.

बरं, ती लाकूड खात नाही हे तरी लोकांना कुणीतरी सांगा. वाळवी वेगळी, भुंगा वेगळा. ती फक्त घर कोरते. ती म्हणजे मादीच. आपण भुंगा भुंगा म्हणतो पण कोरायचं, भुसा काढायचा, परागकण आणायचे सगळं बाईच करते. आणि आपल्या तोंडासमोर येऊन हवेत एका जागी थांबून गुंगुं करून घाबरवणारा असतो तो बहुतेक नर, हद्द राखायला आलेला, आणि त्याला नांगीच नसते! नुसता आवाज. (यावर कमेंटमध्ये काय जोक येणार आहेत मला माहितीये.) मादीला नांगी असते, पण हातात धरून दाबलीत तर मारेल, एरवी तिला तुमच्याशी बोलायला वेळ नाही.

हो, मान्य, आग्या मोहोळ भयंकर असतं, गडांवर माणसं दगावलीत. पण भुंगा मोहोळ करतच नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला घाबरून कुणी घरातल्या मांजरीला मारतं का.

आणि कामाचं म्हणाल तर तुमच्या कुंडीतलं टोमॅटो, वांगं. त्यांचा पराग नळीत बंद असतो, मीठदाणीसारखा, टोकाला बारीक भोक. साधी मधमाशी येते, बघते, जाते, तिला ते जमत नाही. भुंगा फुलाला धरतो, पंख न हलवता अंग असं थरथरवतो की पराग भस्सकन पोटावर सांडतो. तो आवाजही उडण्यापेक्षा वेगळा, जरा चढा. युरोपात हरितगृहातल्या टोमॅटोसाठी हेच काम करायला बंबलबीची खोकी विकत आणतात. विकत! आपल्याकडे फुकट येतो तर आपण अकराची अपॉइंटमेंट देतो. सध्या गेटपाशी बहावा फुललाय ना, ज्याच्याखाली सगळ्यांनी रील्स काढलेत, तिथे जाऊन दहा मिनिटं उभे राहा, कोण येतं बघा. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालता, त्या रुईला बी धरायचं तर भुंगाच लागतो, तिचं फूल लहानसहान माशीला दाद देत नाही. आपल्या भीमाशंकरच्या जंगलात तर रात्री उडणारा भुंगा आहे, अमावस्येलासुद्धा फुलं शोधतो म्हणे, अभ्यासकांनी मुद्दाम तिथे जाऊन बघितलंय.

जरा जास्तच चिडून लिहिलं वाटतं. चहा पिऊन आले.

तर तो बांबू. दोनेक वर्षांनी रंगकाम निघालं तेव्हा खाली काढला आणि पेंटरच्या पोराने शिडीला टेकवताना तडकला, उभाच चिरला. आत खोल्या होत्या. एका ओळीत सहा. मधे लाकडाच्या भुशाच्याच पातळ भिंती, नाण्यासारख्या गोल. प्रत्येक खोलीत पराग आणि मध मळून केलेला एकेक गोळा, डिंकाच्या लाडवासारखा, वाळून काळा पडलेला. एका गोळ्यावर एक अंडं, असा हिशोब असतो हे मला नंतर कळलं. पिल्लाने उठायचं आणि समोरचं खायचं, आईने आधीच वाढून ठेवलेलं. बऱ्याच जातींत तर पिल्लं मोठी होऊन पंख फुटले तरी आई त्यांना काही दिवस आणून भरवते. आपल्यासारखंच की, पोरगी नोकरीला लागली तरी आपण डबा देतोच.

आणि ती होती. भोकापाशी. एमसीलच्या अगदी बाजूने तिने दुसरा बोगदा काढायला घेतला होता, अर्ध्या बोटाएवढा. तिथेच.

शाळेत आम्हाला माऊलींचा तो दाखला शिकवला होता, अर्जुनाचा मोह सांगताना दिलेला, की भुंगा कसलंही कोरडं लाकूड पोखरतो पण कमळाच्या कोवळ्या कळीत अडकला तर जीव देईल, पाकळी चिरणार नाही. मला सातपैकी सात मार्क होते त्या प्रश्नाला. बांबू हातात घेऊन मी बाल्कनीत उभी होते आणि सासूबाई आतून विचारत होत्या काय झालं गं. त्यांना दाखवलं नाही.

पर्गोला खराब होतो, हेही खरं. दरवर्षी भोकं वाढत गेली तर लाकूड कमकुवत होणार, खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जाणार, मान्य. मग रंग मारा ना! व्हार्निश मारा. तिला उघडं, कोरडं लाकूड आवडतं, रंगवलेल्याकडे ती सहसा फिरकत नाही. पिल्लं निघून गेली की भोकं बुजवा. आणि शेजारी वाळक्या बांबूचे चार तुकडे टांगा, अंगठा जाईल एवढ्या पोकळीचे, एका बाजूला पेर ठेवून, आडवे, पावसाचं पाणी न लागेल असे. गणपतीच्या मांडवाचे पडलेत गच्चीवर, विकतही आणायला नकोत.

कुंड्यांचं काय सांगू. ग्रुपवर बाल्कनी मेकओव्हरचे फोटो येतात, प्लास्टिकचं गवत, नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची फुलं ज्यांच्यात ना पराग ना मध, नुसता फुलोरा. तुळशीच्या मंजिऱ्या जरा खुडायच्या राहिल्या तर बघा किती बारीक बारीक माश्या येतात. अडुळसा लावा, गोकर्ण लावा, वांग्याचं एक रोप लावा, मिरची लावा. फुलावर असताना काही मारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा संध्याकाळी. एवढंच तर आहे. मी काय जंगल पाळा म्हणतेय का.

आता आमच्या बाल्कनीत तीन बांबू आहेत. कपडे स्टँडवर. गेल्या वर्षी एकात भोक पडलं, भुसा थेट नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर, तो काही बोलला नाही, फक्त झटकला आणि शर्ट बदलून आला. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. लिहिलं की 'मॅडम इमोशनल होतात' सुरू होतं. सेक्रेटरी काकांना फोन केला, उद्या दहाला चहाला या म्हटलं, बिनसाखरेचा ठेवते. काय काम आहे विचारत होते. म्हटलं काही नाही, एक बांबू दाखवायचाय. तो चिरलेला अर्धा भाग मी टाकला नव्हता, दिवाणाखाली चपलांच्या खोक्यात आहे, आत्ताच काढून पुसून ठेवलाय.