गुडघ्याखालची ती उशी आधी काढा

मेहुणा कामावर शिडीवरून पडला, गुडघ्याचं लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा आतला पट्टा) तुटलं, ऑपरेशन करून नवं बसवलं. नवव्या दिवशी त्याला एक फॉरवर्ड आला आणि दहाव्या दिवशी त्याने फिजिओला ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं कळवून टाकलं! तोच मेसेज मलाही तीन ग्रुपांवर आलाय. म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला हे उत्तर.

‘दीड महिना पाय हलवू नका, गुडघ्याखाली जाड उशी ठेवा.’ उशीने बरं वाटतं, कबूल. गुडघा किंचित वाकला की आतल्या सुजेला जागा मिळते. पण तसेच पडून राहिलात तर सांधा तिथेच आखडतो, आत व्रणाचे पट्टे धरतात, आणि पुरता सरळ न होणारा गुडघा घेऊन माणूस लंगडत राहतो. शिवाय सुजलेल्या सांध्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच दबते. ‘मांडी आवळ’ म्हटलं तर मेहुण्याची मांडी नुसती थरथरली. पडून राहून ती आणखी वाळणार. उशी हवीच असेल तर टाचेखाली घ्या. गुडघा आपल्याच वजनाने सरळ होतो. त्याने करून पाहिलं आणि मला शिव्या घातल्या. घालू दे.

गुडघ्यातली गादी शिवली असेल तर वजन टाकण्यावर, वाकवण्यावर काही आठवडे बंधन असतं, एवढं खरं. ते तुमचा सर्जन सांगतो.

‘फिजिओ म्हणजे मशीन लावून पैसे काढणं.’ नुसता शेक देऊन घरी पाठवत असतील तर, नाइलाजाने, हो. व्यायाम करून घेणारा शोधा.

‘दुखलं म्हणजे नवं लिगामेंट तुटलं.’ व्यायामानंतर थोडं दुखून उतरणं चालतं. पोटरी सुजून दुखली किंवा एकदम दम लागला तर मात्र तडक दवाखाना, रक्ताची गुठळी असू शकते. याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही.

‘तीन महिन्यांनी दुखत नसेल तर कामाला लागा.’ दुखणं आधी थांबतं, लिगामेंट फार नंतर पक्कं होतं. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये 2016 साली 106 रुग्णांचा अभ्यास आला. 9 महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर 51 टक्क्यांनी घटला. मांडीची ताकद दोन्ही पायांत सारखी होत आली असेल तर धोका आणखी कमी. ते खेळाडू होते, मान्य. पण ओझं घेऊन शिडीवर वळणं काही खुर्चीतलं काम नाही. कामावर साहेबांनी घाई केली तर फिजिओकडून दोन्ही मांड्यांच्या ताकदीचं मोजमाप लेखी घ्या आणि तेच पुढे करा.