तिसऱ्या नंबरचं काय करायचं?

आमच्याकडे न्यू जर्सीत मे महिना लागला की तीन गोष्टी एकदम येतात, झाडांचं पोलन, इंडियातून सासू-सासरे आणि बास्केटबॉलच्या ड्राफ्टची भांडणं. पोलनवर गोळी मिळते. सासू-सासऱ्यांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही कारण बायको वाचणारे. तिसऱ्यावर मात्र औषध नाही, आणि त्यात तुम्ही फिलाडेल्फियाच्या सेव्हन्टी सिक्सर्सचे फॅन असाल तर मग विषयच संपला.

ड्राफ्ट म्हणजे काय, तर एनबीएत, म्हणजे इथल्या बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, येऊ बघणारी एकोणीस-वीस वर्षांची पोरं टीमांनी नंबराप्रमाणे उचलायची. आयपीएलसारखा लिलाव नाही, खिशात कितीही पैसा असो बोली लावता येत नाही, आपला नंबर येईपर्यंत गप बसायचं. आणि नंबर कसा लागतो, तर जी टीम जास्त हरली तिला साधारण आधी. हे मी २०२५ ला सासऱ्यांना जेवताना सहज सांगितलं. ते सांगलीला हायस्कूलमध्ये आयुष्यभर गणित शिकवून रिटायर झालेत. घास तसाच हातात धरून म्हणाले,

"म्हणजे नापास झालेल्याला पहिला नंबर?"

"हो बाबा."

"मग पोरं मुद्दाम नापास होत नाहीत का?"

"होतात ना. त्याला टँकिंग म्हणतात."

त्यांनी घास खाली ठेवला. "आणि जावईबापू, हे तुम्ही पैसे भरून बघता?"

आता त्यांना कसं सांगणार की २०२४-२५ च्या सीझनला आम्ही नुसतं बघत नव्हतो, टीम हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. झालं असं की आमचा मोठा स्टार जोएल एम्बीड ८२ पैकी १९ मॅच खेळला, पॉल जॉर्ज ४१, जॅरेड मकेन नावाचा नवीन पोरगा फार छान खेळत होता तो डिसेंबरमध्ये गुडघा घेऊन बसला, आणि टीम २४ जिंकून ५८ हरली. हरण्याचं आम्हाला काही वाटत नाही, सवय आहे. प्रॉब्लेम असा की २०२० सालच्या एका डीलमध्ये आमचा पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे पोरगा उचलायचा नंबर, ओक्लाहोमा सिटीला लिहून दिलेला, त्याची २०२५ ला अट अशी होती की पहिल्या सहात आला तर आमच्याकडे राहणार, सातवा किंवा त्याच्या पुढे गेला की त्यांचा. म्हणजे धड हरलो तर पिक राहणार, थोडं बरं खेळलो तर पिक जाणार. मार्च महिन्यात घराचे हप्ते भरणारी, ग्रीन कार्डच्या लाइनीत उभी असलेली, एरवी शहाणी म्हणावीत अशी माणसं टीम जिंकली की डोक्याला हात लावून बसायची. आमच्यातला नागपूरकर तर चौथ्या क्वार्टरमध्ये आपल्याच प्लेयरवर ओरडायचा, "अबे टाकू नको ना बे!"

मग १२ मेला ड्राफ्टचे वरचे नंबर ठरवायची लॉटरी. सासऱ्यांना टँकिंगचा जितका राग आला तितकाच हा भाग प्रचंड आवडला. एक ते चौदा आकडे लिहिलेले चौदा चेंडू मशीनमध्ये फिरवतात आणि चार काढतात, क्रम बघत नाहीत. "थांबा, सांगू नका," म्हणाले, आणि पिझ्झाच्या कुपनच्या मागे पेनाने खडखडून उत्तर काढलं, एक हजार एक. मी म्हणलं बरोब्बर, पण बाबा त्यातलं एक कॉम्बिनेशन ते बाद करतात आणि उरलेली हजार कॉम्बिनेशन हरलेल्या टीमांमध्ये वाटतात, साधारण जास्त हरली तिला जास्त.

सासूबाई इतका वेळ मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली. "एक हजार एक आलेले असताना वरचा एक काढून ठेवतात?"

"हिशोबाला सोपं पडतं म्हणून आई."

"मग कशी बरकत येणार तुमच्या टीमला. आपण साध्या मुंजीच्या पाकिटात सुद्धा नुसते हजार घालत नाही."

यावर हसावं तर त्या संध्याकाळी टीव्हीवर जे झालं ते बघा. हजारातली फक्त १८ कॉम्बिनेशन असलेली डॅलस अकराव्यावरून थेट पहिली, सॅन अँटोनियो आठव्यावरून दुसरी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ६५ मॅच हरलेली युटा पाचव्यावर. निकाल खालून वर सांगतात, त्यामुळे माझ्या आधी सासऱ्यांना कळलं. "तुम्ही पाचवे होतात, मागून दोघं घुसले, म्हणजे आता सातवे. गेला तुमचा." खोलीत चिडीचूप. सातव्याचं कार्ड निघालं ते न्यू ऑर्लीन्सचं! म्हणजे आम्ही पण कुठेतरी वर उडी मारलेली! नागपूरकराने सासऱ्यांना कडकडून मिठी मारली, त्यांना बहुतेक अशी मिठी कोणी मारत नाही, ते हात सरळ ठेवून उभे राहिले. शेवटी तिसरा नंबर मिळाला. (ज्या ओक्लाहोमाला आमचा पिक जायचा होता ते पुढच्या महिन्यात चॅम्पियन झाले, त्यांना तसंही आमच्यावाचून काही अडलेलं नव्हतं.)

खरा छळ इथून सुरू झाला. पहिला कूपर फ्लॅग, दुसरा डिलन हार्पर, हे सगळ्या जगाला पाठ होतं. तिसरा कोण याबद्दल जगात एकमत नव्हतं आणि माझ्या घरात तर नव्हतंच. घर माझंच का, तर टीव्ही मोठा आहे आणि सासूबाई आलेल्यांना उपाशी सोडत नाहीत.

एक आमचा रटगर्सवाला, रटगर्स म्हणजे इथली न्यू जर्सीची युनिव्हर्सिटी. एमएस तिथलं, घर पिस्कॅटवेत, त्यामुळे त्याला एस बेलीच पाहिजे. हार्पर आणि बेली दोघंही रटगर्सचे, म्हणजे पहिल्या पाचात जाणारी दोन पोरं एकाच कॉलेजात, एकाच वर्षी, आणि तरी कॉलेजची टीम १५ जिंकली, १७ हरली आणि कॉलेजांच्या मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेत गेलीच नाही. हे त्याला आठवण करून दिलं की तो पाण्याचा ग्लास जोरात ठेवतो. बेलीची उंची हा त्याचा हुकमी एक्का, कॉलेजच्या यादीत सहा फूट दहा इंच. नंतर शिकागोला कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टच्या आधीच्या मोजमापात, अनवाणी उभं करून मोजलं तर सहा फूट साडेसात. सासूबाईंना काही धक्का बसला नाही. म्हणाल्या, "लग्नाच्या बायोडेटात असतेच तशी." त्यांनी नात्यात बरीच लग्नं जमवलीत, त्या उंचीतून दोन इंच आपोआप वजा करतात.

दुसरा व्हीजेटीआयवाला. त्याचा कँडिडेट बेलर कॉलेजचा व्हीजे एजकोम, बहामाजच्या बिमिनी नावाच्या चिमुकल्या बेटावरचा पोरगा, उडी अशी की बघत राहावं. पण आमच्या मित्राने त्याची उडी वगैरे नंतर बघितली, आधी नाव बघितलं. "व्हीजे आहे रे तो, अजून काय पाहिजे?" तेव्हा आमच्या टीममध्ये टायरीज मॅक्सी गार्ड (म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारा), मकेन गार्ड, क्वेंटिन ग्राइम्स गार्ड, आणि हा चौथा पण गार्ड. रटगर्सवाला म्हणाला अजून एक गार्ड घेऊन काय सोसायटीच्या गेटवर बसवायचाय का. मग फिट बघायचा की सगळ्यात भारी प्लेयर उचलायचा यावर जे सुरू झालं ते पोहे गार होऊन परत गरम करून परत गार झाले तरी चालूच.

माझं मत ड्यूक कॉलेजचा कॉन क्नुपल. साधा, सरळ, लांबून टाकतो आणि ते आत जातं. माझं कोणी ऐकलं नाही. तो चौथ्या नंबरवर शार्लटला गेला आणि तिथे लांबून धडाधड तीन-तीन पॉइंटचे शॉट टाकत सुटला एवढं फक्त मी इथे नोंदवून ठेवतो.

आणि गंमत म्हणजे यांच्यापैकी एकाही पोराची पूर्ण मॅच आमच्यातल्या बहुतेकांनी बघितलेली नव्हती. सगळा अभ्यास दहा मिनिटांच्या हायलाइट्सवर, ज्यात कोणी चुकतच नाही. एरवी हीच माणसं साधा मिक्सर घ्यायचा तरी तीन दुकानं फिरतील, पण इथे एकदम, "याचं सीलिंग खूप वर आहे, पण फ्लोअर खाली." सासरे वर छताकडे आणि खाली गालिच्याकडे बघायचे.

नागपूरकराला मात्र यातलं काही नको असतं. तो फक्त पाय विचारतो. "पाय कसे आहेत बे त्याचे?" याला हसू नका, या माणसाने भोगलंय. २०१३ ला नर्लेन्स नोएल आणला, तो गुडघ्यामुळे पूर्ण वर्ष बाहेर. २०१४ ला तिसऱ्या नंबरवर एम्बीड, पायाचं हाड, दोन पूर्ण सीझन बाहेर. मधे एका वर्षी टीम १० जिंकून ७२ हरली, त्याचं फळ म्हणून २०१६ ला पहिला नंबर, बेन सिमन्स, पायाचं हाड, पहिला सीझन बाहेर. २०१७ ला बॉस्टनशी अदलाबदल करून तिसऱ्यावरून पहिल्यावर चढलो आणि मार्केल फुल्ट्झ घेतला, त्याचा खांदा असा काही बिघडला की पोराचा शॉटच गेला, पहिल्या वर्षी १४ मॅच. आणि आमच्याकडून मिळालेल्या तिसऱ्या नंबरवर बॉस्टनने कोण घेतला? जेसन टेटम. हे नाव नागपूरकरासमोर घ्यायचं नाही, घेतलं तर तो गाडीत जाऊन बसतो.

पण २०१८ ची गोष्ट सांगितली तेव्हा सासूबाईंनी गॅस बंद केला. मिकल ब्रिजेस, फिलाडेल्फियाकडचाच, व्हिलानोव्हा कॉलेजचा पोरगा, दहाव्या नंबरवर सिक्सर्सनी घेतला. त्याची आई सिक्सर्सच्याच ऑफिसात मोठ्या पोस्टवर. माउली टीव्हीवर किती आनंदाने बोलली, आणि थोड्याच वेळात पोराला फिनिक्सला ट्रेड करून टाकला.

"आईला आधी सांगितलं तरी होतं का?"

"माहीत नाही आई."

"आणि त्याच्या बदल्यात कोण आला?"

"झाएर स्मिथ आणि पुढचा एक पिक. स्मिथचा आल्या आल्या पाय मोडला, मग तिळाची ॲलर्जी निघून हॉस्पिटलात."

"तीळ!" म्हणून त्या जरा वेळ नुसत्या बसूनच राहिल्या. संक्रांतीला पोराचं कसं होत असेल, एवढंच शेवटी म्हणाल्या.

जूनमध्ये बातमी आली की बेलीने सिक्सर्सची भेट आणि वर्कआउट कॅन्सल केलं. रटगर्सवाला म्हणे ही स्ट्रॅटेजी आहे, मोठ्या पोरांचे एजंट असंच करतात. सासरे तोवर या विषयात चांगलेच मुरले होते, सकाळच्या चालण्यात सुद्धा विंगस्पॅनचा, म्हणजे पसरलेल्या हातांच्या लांबीचा, विषय काढायचे. त्यांनी शांतपणे निकाल दिला. "जो तोंडी परीक्षेला बसलाच नाही त्याला मार्क कुठून द्यायचे?"

२५ जूनला रात्री ब्रुकलिनला ड्राफ्ट. एका नावाला पाच मिनिटं देतात, पहिल्या दोन नावांच्या वेळी आम्ही पावभाजी खाल्ली, तिसऱ्याची पाच मिनिटं मात्र कोणी चमचा हलवला नाही. एनबीएचा कमिशनर ॲडम सिल्व्हर आला, कागद बघितला, व्हीजे एजकोम. व्हीजेटीआयवाला सोफ्यावर उभा राहून कॉलेजच्या फेस्टिव्हलच्या घोषणा द्यायला लागला, शेजारच्या चायनीज आजोबांनी खिडकी लावून घेतली. बेली पाचव्यावर युटाला गेला. रटगर्सवाला "बघा पाच वर्षांनी" एवढंच बोलून उठला, डबा मात्र भरून घेऊन गेला.

सप्टेंबरमध्ये सासू-सासरे सांगलीला परत गेले. ऑक्टोबरची २२ तारीख, आमच्याकडे पाडव्याची संध्याकाळ, सिक्सर्सची पहिली मॅच आणि ती पण बॉस्टनला जाऊन. ओवाळून झालं, बायको पाटावरून उठ म्हणेना आणि टीव्ही लाव म्हणेना, शेवटी फोन मांडीवर ठेवून बघितली. एजकोमने पहिल्याच मॅचला ३४ पॉइंट काढले. विल्ट चेंबरलेनने १९५९ साली पदार्पणात ४३ काढले होते त्यानंतर पहिल्या मॅचला एवढे कोणी काढले नव्हते, आणि आम्ही ११७-११६ ने जिंकलो. रात्री अकराच्या आत सगळ्यांचे फोन येऊन गेले. प्रत्येकाने मेमध्येच सांगितलेलं होतं. रटगर्सवाल्याने सुद्धा, म्हणे मी गेटवर बसवायचं म्हणलो होतो ते डिफेन्सच्या अर्थाने. नागपूरकराने फक्त विचारलं लंगडत तर नव्हता ना.

शेवटचा फोन सांगलीचा. तिकडे भाऊबीजेची सकाळ, सासरे पहाटे उठून मॅच बघून मग आंघोळीला गेले होते, आवाजात उत्साह. पोरगा चांगला निघाला म्हणाले, पाय पण ठीक दिसतात. मग जरा थांबून,

"जावईबापू, या वेळी पिक वाचला, म्हणजे ओक्लाहोमाचं देणं अजून फिटलेलं नसणार."

"नाही ना बाबा. पुढच्या ड्राफ्टला पहिल्या चारात आला तरच आपला, नाहीतर त्यांचा."

"चारच?" पलीकडे कागदाचा आवाज आला, बहुतेक पेन पण निघालं. "आणि तुम्ही पहिलीच मॅच जिंकून बसलात?"